भरल्या ताटावरून

"आवं मॅडम, उपाशी राहून मानसं मरत्यात. खाऊन कुनी मरतंय व्हय?"

वाघोलीचे गेनबा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये असं म्हणाले आणि त्यांच्यामागे उभे असलेले नातेवाईक खो खो हसले. दीपालीला हसू आलं नाही. तिला खरं तर म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला खुर्चीत बसवावंसं वाटलं आणि ओरडून सांगावंसं वाटलं, की हो आबा, मरतात. तुमची नात मरू शकते, आणि तुमच्याच हातचं खाऊन मरू शकते. पण हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञाने ओरडायचं नसतं. ओरडायचा मान सर्जनचा. आहारतज्ज्ञाने चार्ट द्यायचा, हसायचं आणि 'काही शंका असली तर फोन करा' म्हणायचं.

"आबा, ऐका," ती म्हणाली. "तुमच्या नातीने, संस्कृतीने, वर्षभर धड खाल्लेलं नाही. अंगात फॉस्फरस नाही, पोटॅशियम नाही, काही शिल्लकच नाही. अशात एकदम गोडधोड पोटात गेलं की इन्शुलिन वाढतं, रक्तात उरलंसुरलं असतं तेही पेशी ओढून घेतात आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. म्हणून अगदी थोडं थोडं वाढवायचं. आणि दर दोन दिवसांनी रक्त तपासायचं."

गेनबांनी मान डोलावली. बँकेतला पोरगा विम्याची पॉलिसी समजावून सांगतो तेव्हा माणूस जशी मान डोलावतो ना, तशी. मग त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर सही केली. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, पण ते वाचतंय कोण!

दीपाली गायकवाड नगर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरीला होती. लोक तिला 'डायट मॅडम' म्हणत. वजन उतरवायचं नाहीतर वाढवायचं, एवढंच हिचं काम, अशी सगळ्यांची समजूत; अगदी काही डॉक्टरांचीसुद्धा. मनोविकारतज्ज्ञ डॉ. ऋतिका मात्र खाण्याच्या आजाराची पोरगी आली की आधी हिला बोलवायच्या. मनाचं औषध चालू होईपर्यंत पोरीचं शरीर टिकवायचं कोणी? आणि पोरगी रोज सहा वेळा ज्या घासाला घाबरते, त्या घासाच्या वेळी तिच्या शेजारी बसायचं कोणी? ते काम दीपालीचं.

संस्कृती तेवीस वर्षांची. खराडीतल्या एका कंपनीत एचआरला. घरची बक्कळ श्रीमंती, जमिनींवर आता टॉवर उभे. साखरपुड्याचे फोटो आले, त्यात तिला स्वतःचे दंड जाड दिसले, आणि तिथून जे सुरू झालं ते चौतीस किलोवर येऊन थांबलं. थांबलं म्हणजे काय, लक्ष्मी रोडवर शालू बघता बघता ती दुकानातच कोसळली. वैशाखात लग्न.

पहिल्या दिवशी तिने तोंडच उघडलं नाही. पेजेची वाटी समोर, आणि ही भिंतीकडे तोंड करून. दीपालीने आग्रह केला नाही, 'खा गं बाळा' केलं नाही. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "तुझ्या डोक्यात कोणीतरी सारखं बोलतं. खाऊ नकोस म्हणतं. हो ना?"

संस्कृतीने मान वळवली. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"त्याला सांग, निर्णय माझा नाही. किती खायचं हे तूही ठरवायचं नाहीस आणि त्यानेही नाही. मी ठरवणार. शिव्या घालायच्या असतील तर त्याने मला घालाव्यात."

"प्रॉमिस, मॅडम? तुम्ही म्हणाल तेवढंच? एक चमचा जास्त नाही?"

"एक चमचा जास्त नाही. आणि कमीही नाही."

त्यावर त्या पोरीने पेज खाल्ली. रडत रडत, पण खाल्ली. नंतरचे काही दिवस ती दर घासाला दीपालीकडे बघायची. दीपालीने मान हलवली की गिळायची. डॉ. ऋतिका म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास बसलाय तिचा. सांभाळ गं, ह्याच्याशिवाय आपल्याकडे दुसरं काही नाहीये." दीपालीला तेव्हा बरं वाटलं होतं. भीतीही वाटली होती, पण बरं जास्त वाटलं होतं.

आणि इथेच सगळा घोटाळा झाला. पोरगी खायला लागली ही बातमी वाघोलीला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी गाड्या भरून माणसं आली. खायला लागली ना, मग आता दवाखाना कशाला?

निघताना संस्कृतीच्या आईने दीपालीला जिन्यापाशी गाठलं. "मॅडम, तेवढं कुणाला बोलू नका हं. तिच्या सासरी आम्ही पोटाचं इन्फेक्शन सांगितलंय. डोक्याच्या डॉक्टरकडे जाते कळलं तर लग्न मोडेल हो. आमच्यात असं खपत नाही."

"मी कोणाला सांगणार नाही, ताई. पेशंटचं गुपित आम्ही बाहेर काढत नाही. पण एक करा, केळवणं रद्द करा."

आईने 'ह्या बाईला काही कळतं की नाही' अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं. "रद्द कशी करणार? भावकी आहे. एका घरी गेलं आणि दुसऱ्या घरी नाही गेलं, तर ते लग्नाला यायचे नाहीत."

आता केळवण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. लग्नाआधी नवरीला घरोघर जेवायला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची आणि तिला नको नको होईपर्यंत वाढायचं. त्या आग्रहात माया असते, हे कोण नाकारेल? दीपालीच्या लग्नातही झाली होती केळवणं. म्हणूनच तिला धडकी भरली. शेवटी असं ठरलं, की संस्कृती नुसती पाटावर बसेल, डबा घरून जाईल, आणि दीपालीने लिहून दिलं तेवढंच ती खाईल. आईने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

पहिल्या तपासणीला ते आले. रक्ताचे आकडे जेमतेम होते, पण ठीक होते. दुसऱ्या तपासणीला कोणीच आलं नाही. दीपालीने फोन केले. 'येतो मॅडम, उद्या येतो' असं उत्तर मिळालं. मग तेही मिळेना.

रविवारी दीपाली वारज्याला आपल्या घरी होती. नवरा सौरभ ओट्यापाशी चहा गाळत होता, तेवढ्यात फोन वाजला. संस्कृतीच्या आईने फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मॅडम तुमच्यामुळे पोरगी खायला लागली. तुमचे उपकार फिटणार नाहीत. बघा तोंड कसं भरलंय.' पुढे हात जोडलेले.

फोटोत संस्कृती पाटावर बसली होती. पैठणी, केसात गजरा. ताटात पुरणपोळी, आमरस, जिलेबी, कुरडया, आणि वाटीभर साजूक तूप. पोरगी हसत होती. गाल खरंच गोबरे दिसत होते. दीपालीने फोटो मोठा केला. डोळ्यांखाली सूज होती. पैठणीच्या काठाखालून पाऊल दिसत होतं. घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं ते कळतच नव्हतं. पैंजण मांसात रुतलं होतं.

"अगं बाई गं," ती म्हणाली.

"काय झालं?" सौरभने विचारलं.

"ही जाड नाही झालेली. हे पाणी आहे. हृदय दमलं की असं पाणी भरतं."

तिने आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग संस्कृतीचा धाकटा भाऊ सूरज, त्याचा नंबर तिच्याकडे होता. त्याने उचलला. मागे गाडीतली गाणी ठणाणा वाजत होती.

"मॅडम! तुम्ही टेन्शनच नका घेऊ. ताई एकदम फिट आहे. कालपासून सगळ्यांकडे दाबून खातीये. आबा तर इतके खूश आहेत ना!"

"डबा न्यायचं ठरलं होतं ना, सूरज?"

"अहो, डबा कसला, तिलाच भूक लागते आता. मागून घेते."

भूक लागणारच. वर्षभर कोंडलेली भूक एकदा सुटली की तिला धरबंध राहत नाही, हे दीपालीने अनेकदा पाहिलं होतं. म्हणूनच तर तो चमच्याचा हिशेब होता. "धाप लागते का तिला?"

"थोडीशी. पण ऊन काय आहे, मॅडम! आणि सुस्ती येते, आत्ता पण झोपलीये. सरूआजीकडे निघालोय, तिथे ताईच्या सासूबाई पण येणारेत."

"सूरज, नीट ऐक. गाडी वळव. सरळ हॉस्पिटलला या. वाटेत तिला काहीही देऊ नका, सरबतसुद्धा नाही."

"हो हो मॅडम," सूरज म्हणाला. "एवढं जेवण झालं की लगेच." आणि फोन बंद झाला.

दीपालीने डॉ. ऋतिकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "आयसीयूला सांगून ठेवते. तू तिला आण. कशीही आण."

सौरभने चहा तसाच ठेवून गाडीची किल्ली घेतली. वारज्याहून वाघोली म्हणजे पुण्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. रविवार असूनही चांदणी चौकापासून गाड्याच गाड्या. विमाननगरच्या सिग्नलला अडकले तेव्हा सौरभ म्हणाला, "आपल्याला बोलावलंय का तिथे?"

"नाही."

"म्हणजे न बोलावता केळवणाला. छान. आहेर तरी काय घ्यायचा?"

एरवी ती हसली असती. आज ती मोबाईलवर पुन्हा पुन्हा तोच फोटो मोठा करत होती. रस्त्यात सारखा एकच विचार तिला छळत होता. तिथे सासू बसलेली असणार. सगळी भावकी असणार. पोरीला उठवायचं म्हणजे कारण सांगायला लागणार, आणि कारण सांगितलं की तिच्या आईला दिलेला शब्द मोडणार, कदाचित लग्नही मोडणार. वर हॉस्पिटलमध्ये तक्रार झाली तर नोकरीवरही येणार. आणि न सांगावं, तर? त्या 'तर'च्या पुढे तिचं डोकं चालायला तयार नव्हतं. खराडीच्या पुढे रस्ता मोकळा झाला तरी तिला गाडी रांगतेय असं वाटत होतं.

सरूबाई, म्हणजे सूरजची सरूआजी, गेनबांची चुलत बहीण; वाघोलीत दोघातिघांना विचारून घर सापडलं. दोन टॉवरच्या मधोमध त्यांचा गुलाबी बंगला, पुढच्या अंगणात पत्र्याखाली खुर्च्या मांडलेल्या. आतून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते, आमरसाचा वास दारापर्यंत येत होता. दीपाली चपला काढून सरळ आत गेली.

पहिली तिला संस्कृतीची आई दिसली, आणि आईला ती. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"या की, या," सरूबाई म्हणाल्या. "कोन म्हनायच्या ह्या?"

"ह्या... संस्कृतीच्या मॅडम," आई घाईघाईने म्हणाली. "ऑफिसातल्या."

"आसं व्हय. बसा. आडनाव काय तुमचं?"

"गायकवाड."

"गायकवाड. कुठलं गायकवाड?"

हा प्रश्न गावाचं नाव कळावं म्हणून विचारत नाहीत, हे दीपालीला शाळेपासून माहीत होतं. एरवी ती असल्यांना दोन खडे बोल सुनावून घरी पाठवते. "वारज्याचे," ती म्हणाली आणि पाटाकडे निघाली.

संस्कृती पाटावर बसली होती. गेनबा शेजारी खुर्चीवर, नातीकडे कौतुकाने बघत. समोर सोफ्यावर जांभळ्या साडीत एक बाई. तीच सासू असणार. ताटात अजून निम्मं वाढलेलं होतं. पंख्याखाली बसूनही संस्कृतीच्या कपाळावर घाम होता, आणि दोन शब्द बोलायलाही ती श्वास गोळा करत होती.

"मॅडम! तुम्ही आलात!" तिचा चेहरा खुलला. दीपाली शेजारी टेकली तशी ती कानाशी येऊन थांबत थांबत म्हणाली, "खाल्लं मॅडम. सगळ्यांकडे खाल्लं. आई म्हणाली तुमचा फोन आलेला, आता लिमिट नाही म्हणून. मला आधी खरंच वाटेना. मी दहा वेळा विचारलं, मॅडम स्वतः बोलल्या का? ती म्हणाली हो. मग खाल्लं. मी गुड ना?"

दीपालीने वर पाहिलं. आईने मान खाली घातली.

तिने संस्कृतीचं मनगट हातात घेतलं. नाडी धावत होती, मधेच अडखळत होती, पुन्हा धावत होती. "ओठांना मुंग्या येतायत, मॅडम," संस्कृती हळूच म्हणाली. "आणि हाताला. हे नॉर्मल आहे ना?"

"ऊठ, बाळा," दीपाली म्हणाली. "आपण जरा बाहेर जाऊ."

"आगं बया!" सरूबाई ओरडल्या. "भरल्या ताटावरनं नवरीला उठिवत्यात व्हय? ऑफिसात काय शिकिवत्यात की नाय?"

बायका हसल्या. सासूही हसली, पण तिची नजर दीपालीवर स्थिरावली. आईने पुढे होऊन दीपालीचा दंड घट्ट धरला. "मॅडम, पाया पडते तुमच्या. पाच मिनिटं. त्या समोर बसल्यात. एवढं ताट होऊ दे, मी स्वतः घेऊन येते. पाच मिनिटांनी काय होतंय?"

आणि दीपाली गप्प राहिली.

फार वेळ नाही. सरूबाईंनी आमरसाचं भांडं उचललं, तेवढाच वेळ. तिच्या डोक्यात आईचं पाया पडणं होतं, समोरची जांभळी साडी होती, दिलेला शब्द होता. शब्द मोडायचा तर कसा मोडायचा, कुठून सुरुवात करायची, ह्याची ती जुळवाजुळव करत होती. सरूबाईंनी वाटी काठोकाठ भरली. संस्कृतीने वाटी उचलली, ओठाशी नेली आणि थांबली. तिने दीपालीकडे पाहिलं. हॉस्पिटलमध्ये प्रत्येक घासाला बघायची, अगदी तसंच.

दीपालीने मान हलवली नाही. पण 'नको'ही म्हणाली नाही. नजर आईकडे, तोंड अर्धवट उघडं.

संस्कृतीला तेवढं पुरलं. ती आमरस गटागटा प्यायली.

तेव्हा कुठे दीपाली भानावर आली. तिने वाटी हिसकावली, ताट दोन्ही हातांनी उचलून मागे सारलं. रांगोळी फिसकटली, जिलेब्या जमिनीवर सांडल्या. "बास!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेर गाडीपाशी उभ्या सौरभला ऐकू गेलं. "मी ऑफिसातली नाही. मी हिची आहारतज्ज्ञ आहे. हिला खाण्याचा आजार आहे. वर्षभर ही उपाशी होती, आणि तुम्ही दोन दिवसांत हिला जे चारलंय, त्याने हिचं हृदय बंद पडायला आलंय. कळतंय का? उचला हिला!"

कोणीही हललं नाही. आई मटकन खाली बसली. सासू उठून उभी राहिली. गेनबा म्हणाले, "आवं, पर मॅडम..."

संस्कृती मात्र उठली. 'उचला' म्हटल्यावर ती बिचारी स्वतःच उठली. पैठणीचा पदर सावरला, एक पाऊल टाकलं आणि गुडघ्यातून दुमडून रांगोळीवर पडली.

सौरभच्या गाडीत तिचं डोकं दीपालीच्या मांडीवर होतं. सूरज पुढे कोणाच्यातरी मोटारसायकलवर हॉर्न वाजवत, लोकांना शिव्या घालत रस्ता काढत होता. श्वास इतका हलका, की दीपाली तिच्या नाकाशी बोट धरून बसली होती. पायाशी आई. तिचं एकच चालू होतं. "मी खोटं बोलले हो. सारखी विचारायची, मॅडमनी सांगितलंय का, मॅडमनी सांगितलंय का. घासच घेईना. जावा बघायच्या, कुजबुजायच्या. मग म्हटलं, हो, सांगितलंय. तर काय खुशीत खाल्लं पोरीने! मला वाटलं, चांगलंच झालं ना?"

दीपालीने बोट नाकाशी तसंच धरून ठेवलं. तिला त्या बाईचा संताप येत होता आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. शिवाय आईचं खोटं तिला जेवढं कळत होतं, तेवढंच स्वतःचं गप्प बसणंही कळत होतं.

आयसीयूच्या दारातच संस्कृतीचं हृदय थांबलं. शॉक दिला. परत चालू झालं. रक्तातला फॉस्फरस इतका खाली होता, की लॅबवाल्याने आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा तपासला. रात्रभर शिरेतून थेंब थेंब औषध गेलं. तिच्यासाठी मशीन श्वास घेत होतं, आणि डॉ. ऋतिका कोणालाही कसलंच आश्वासन देत नव्हत्या.

सकाळी सासू आली. हातात फुलं नव्हती, पण चेहऱ्यावर रागही नव्हता. ती बाकावर आईशेजारी बसली आणि म्हणाली, "आम्हाला सांगायचं होतं हो. माझ्या बहिणीच्या लेकीला हेच झालंय. आम्हाला माहीत असतं तर ताटावर बसूच दिली नसती." आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

गेनबा कॉरिडॉरच्या टोकाला एकटेच उभे होते. दीपाली जवळ गेली तसे ते तिच्याकडे न बघता बोलायला लागले. "दुष्काळाच्या साली छावनीतनं गाय आनलेली, मॅडम. हाडं वर आल्याली. माझ्या बापानं सांगितलेलं, गेन्या, हिला पेंड घालू नगं, मूठमूठ वैरन दे. मला न्हाय बघवलं. घमेलंभर पेंड घातली. सकाळी फुगून मेली व्हती." त्यांनी डोळे पुसले. "एवढं आमाला कळतंय वो. जनावराचं कळतंय."

दीपाली त्यांच्या शेजारी भिंतीला टेकली. ह्या माणसाला ती फॉस्फरस आणि इन्शुलिन समजावत बसली होती. गाय म्हटलं असतं तर त्याने सहीच केली नसती. पुस्तकातला शब्द न् शब्द बरोबर सांगून ती मोकळी झाली होती, आणि समोरच्याच्या पदरात काहीच पडलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

संस्कृती जगली. बऱ्याच दिवसांनी श्वासाची नळी निघाली, सूज उतरली आणि मग खाली जे उरलं ते चौतीस किलोहूनही कमी होतं. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, सूरजने वॉर्डात पेढे आणले आणि डॉ. ऋतिकांनी त्याला पेढ्यांसकट बाहेर हाकललं. लग्न पुढे ढकललं होतं. सासू रोज फोन करत होती. 'आता फक्त तब्येत भरायचीय' असं जो तो म्हणत होता.

दीपाली पेज घेऊन आत गेली. अगदी पातळ, तीन चमचे. ती नेहमीसारखी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. संस्कृती उशीला टेकून बसली होती. तिने आधी पेजेकडे आणि मग दीपालीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर दीपालीला बरं वाटलं असतं.

"तीनच चमचे," दीपाली म्हणाली. "मी मोजून आणलेत. आणि आई नाही, मी स्वतः सांगतेय."

संस्कृतीने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"घरच्यांनी चूक केली, बाळा. पण ह्या तीन चमच्यांनी तुला काहीही होणार नाही."

"खाल्लं की काय होतं, ते आता मला माहितीये," संस्कृती म्हणाली. नळीमुळे आवाज घोगरा झाला होता. "आधी नुसतं वाटायचं. तुम्ही म्हणायचात, ते खोटं आहे. मी मानायचे."

"संस्कृती, माझं ऐक जरा."

"सरूआजीकडे मी तुमच्याकडे बघितलं होतं, मॅडम." तिने अगदी शांतपणे, समजुतीच्या स्वरात सांगितलं. "वाटी हातात होती. मी थांबले होते. तुम्ही नको म्हणाला असतात तर मी प्यायले नसते."

दीपालीला खूप काही बोलायचं होतं. तुझी आई, तुझ्या सासूबाई, दिलेला शब्द, एवढासाच तर वेळ होता. त्यातलं एकही वाक्य ह्या पोरीला सांगण्यालायक नव्हतं. तिने चमचा भरला आणि पुढे केला. दुसरं काय करणार होती? संस्कृतीने चमच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. दीपाली हात लांब करून तशीच बसून राहिली. पेज गार होऊन तिच्यावर साय धरली. मग तिने चमचा वाटीत ठेवला, बाहेर आली आणि नाकातून अन्नाची नळी घालावी लागेल असं सांगायला डॉ. ऋतिकांना फोन लावला.